विसरलेल्या माणसाची सही

आमच्या पेडणे महालात वृद्ध माणसाच्या बुद्धीविषयी एकाच घरातून तीन निरनिराळ्या साक्षी दिल्या जातात. वडिलांना दुपारी जेवल्याचे सायंकाळी आठवत नाही, नेहमीची वाट चुकते, हिशेब जुळत नाही, म्हणून कोणी शेजारी त्यांना डॉक्टरांकडे नेण्यास सुचवितो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘‘वय झाले, हे चालायचेच.’’ ही पहिली साक्ष. पुढे भाट विकावयाचे ठरते आणि त्याच वडिलांना गाडीत बसवून सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आणले जाते. तेथे तेच घर सांगते की, वडिलांची बुद्धी शाबूत आहे, कागद त्यांना वाचून दाखविला आहे आणि तो त्यांना समजला आहे. ही दुसरी. वडील निवर्तल्यावर मृत्युपत्र निघते आणि त्यात धाकट्याला झुकते माप दिलेले आढळते. मग थोरला न्यायालयात शपथेवर सांगतो की, वडिलांना अखेरची दहा वर्षे कशाचेच भान नव्हते. ही तिसरी साक्ष. माणूस एकच, घर एकच, आणि ज्या वर्षांविषयी बोलणे चालले आहे तीही बहुधा तीच.

ही कोणा एका कुटुंबाची गोष्ट नव्हे. ज्याने गोव्यातल्या कोर्टकचेऱ्यांत काही वर्षे काढली आहेत, अशा कोणाही वकिलाला ती ओळखीची वाटेल. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव चढू लागले त्याला बराच काळ लोटला. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर माळावरच्या कातळालाही गिऱ्हाईक आहे. अशा काळात एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याचे नाव आहे त्या म्हाताऱ्याची सही ही घरातली सर्वांत मोलाची वस्तू होऊन बसते, आणि ती सही करणारा म्हातारा मात्र घरातला सर्वांत दुर्लक्षित जीव असतो.

मला येथे असे म्हणावयाचे आहे की, या तिन्ही खोट्या साक्षींचे मूळ पहिल्या साक्षीत आहे. आपण एका रोगाला रोग म्हणण्याचे नाकारतो. त्याला ‘म्हातारचळ’ म्हणतो, ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसतो, कोकणीत ‘आजो पिसो जाला’ म्हणून विषय संपवितो. ज्याला नाव नाही त्याची कोठे नोंद नसते. आणि ज्याची नोंद नाही त्याविषयी ज्याला जसे सोयीचे असेल तसे बोलता येते. रुग्णाची यात दुहेरी हानी होते. त्याला उपचार मिळत नाहीत आणि त्याचे हक्कही राहत नाहीत.

प्रथम रोग कोणता ते पाहू. १९०६ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथे आलोइस अल्झायमर या वैद्याने एका स्त्रीची हकीकत सहव्यवसायिकांपुढे मांडली. १९०१ मध्ये ती फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा तिचे वय अवघे ५१ होते. तिच्या मृत्यूनंतर मेंदूचा सूक्ष्मदर्शकाखाली तपास केला तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पडलेल्या गाठी त्याला दिसल्या. हे थर आणि गाठी ठरावीक प्रथिनांच्या असतात, हे पुढे कळले. आणि स्मरण ढळल्याचे बाहेर दिसू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे, कधी दोन दशकेही, ते मेंदूत साचू लागतात, हेही कळले. स्मृतिभ्रंशाचा सर्वांत आढळणारा प्रकार तो हाच. मेंदूच्या रक्तवाहिन्या निकामी झाल्याने होणारा दुसरा प्रकारही आपल्याकडे थोडा नाही. अशा प्रकारे मेंदूत घडणाऱ्या विकाराला केवळ ‘वय’ म्हणणे म्हणजे मोतीबिंदूला संध्याकाळ म्हणण्यासारखे आहे.

वयाने येणारा विसर असतो, हे खरे. वाण्याकडे गेल्यावर एखादा जिन्नस विसरावा, पाहुण्याचे नाव क्षणभर आठवू नये, यात काही वावगे नाही. पण जिने चाळीस वर्षे घरचा स्वयंपाक रांधला तिला भातात पाणी किती घालावे हे उमगेनासे झाले, जो नित्य देवदर्शनाला जातो तो देवळाकडून परतताना घराची वाट चुकू लागला, जो देवस्थानचे हिशेब ठेवीत होता त्याला नोटा मोजता येईनात, तर तो विसर नव्हे. गंमत अशी की, जुने पाठ असलेले अभंग हाच माणूस भजनात न चुकता म्हणतो. याचे कारण रोग प्रथम ताज्या आठवणींवर घाला घालतो; बालपणीचे आणि सुरांशी बांधलेले स्मरण पुष्कळ काळ टिकून राहते. जुने शिष्टाचारही टिकतात. म्हणूनच कचेरीत हा वृद्ध अधिकाऱ्याला हात जोडतो, हसून चौकशी करतो, सांगितले तेथे सही करतो. आणि पाहणाऱ्याला वाटते, बुद्धी शाबूत आहे. आपण काय विकले, हे त्याला घरी पोहोचेपर्यंत आठवत नाही.

आपल्या समाजाविषयी हे मी मनानेच रचून सांगत आहे, असे कोणास वाटू नये. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या दोन मनोविकारतज्ज्ञांनी गोव्यातच वृद्धांशी, डॉक्टरांशी आणि गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांशी बोलून केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले ते असे : स्मृतिभ्रंशाची लक्षणे सांगितली की लोक ती लगेच ओळखत, पण तो वार्धक्याचाच भाग समजत, त्यासाठी वैद्याकडे जावे असे कोणाला वाटत नसे. परिणामी डॉक्टरांना असे रुग्ण क्वचित दिसत आणि आरोग्यसेविकांना मात्र घरोघरी भेटत. मुलांनी माया केली नाही, हेळसांड केली, म्हणून असे होते, अशीही समजूत होती. आणि आपल्या एकत्र कुटुंबाच्या अभिमानाला धक्का देणारी गोष्ट त्यात होती : वृद्धांची सेवा पुष्कळदा त्यांची मालमत्ता मिळण्याच्या अपेक्षेवर अवलंबून असे. त्याला आता पाव शतक होत आले. आमच्या गावांकडे पाहता त्यातले फारसे काही जुने झालेले नाही.

आता या मताविरुद्ध जे बोलले जाते त्याचा विचार करू.

पहिला आक्षेप श्रद्धेचा. कोणी म्हणतात, हे प्रारब्ध आहे. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्दही या गैरसमजाला हातभार लावतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो तो विषयांच्या चिंतनापासून क्रोधाकडे आणि तेथून बुद्धिनाशाकडे जाणाऱ्या साखळीतला दुवा म्हणून. तेथला अर्थ नीतीचा आहे. क्रोधाने माणूस स्वतःचे हित विसरतो, एवढेच तेथे सांगितले आहे. वैद्यकाने तोच शब्द एका मेंदूविकाराला दिला, म्हणून तो विकार झालेला माणूस पापी ठरत नाही. श्रीमोरजाईपुढे गाऱ्हाणे घालू नये, असे मी म्हणत नाही. घालावे, अवश्य घालावे. परंतु साप चावलेल्या माणसासाठी आपण गाऱ्हाणेही घालतो आणि त्याला इस्पितळातही नेतो. मग येथेच गाऱ्हाण्यावर का थांबावे?

दुसरा आक्षेप असा की, ज्यावर औषध नाही त्याचे नाव घेऊन उपयोग काय? एक तर, विसरणारा प्रत्येक वृद्ध या असाध्य रोगाचाच असतो असे नाही. थायरॉइड मंदावणे, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खोल उदासी, झोपेच्या वा अन्य औषधांचा दुष्परिणाम, पडल्यावर डोक्यात साचलेले रक्त, या सर्वांनी स्मरण ढळते आणि यांतील पुष्कळांवर उपाय आहे. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर तो बहुधा जंतुसंसर्गाचा किंवा रक्तातले क्षार बिघडल्याचा असतो आणि त्यात दिरंगाई जिवावर बेतते. ‘वय झाले’ म्हणणारे घर या सर्वांचे दार लावून घेते. दुसरे, रोग खरोखरच अल्झायमरचा असला, तर अलीकडची औषधे तो बरा करीत नाहीत हे मान्य. आरंभीच्या अवस्थेत काही औषधे त्याची गती थोडी मंद करतात, इतकेच. पण घराला शिकविता येते. संगथ ही गोव्यातली संस्था १९९६ साली स्थापन झाली. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. गावातल्याच माणसांना थोडे शिक्षण देऊन त्यांनी रुग्णांच्या घरी पाठविले. रुग्ण तेच तेच विचारतो तेव्हा काय करावे, रात्री उठून बाहेर निघतो तेव्हा काय करावे, हे त्यांनी सांगितले. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सांभाळ करणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. हा ताण आपल्याकडे कोणाच्या वाट्याला येतो, ते सर्वांस ठाऊक आहे. सुनेच्या. ‘आमच्या घरी सर्व प्रेमाने चालते’ असे ओसरीवर बसून सांगणाऱ्यांपैकी किती जण रात्री दोन वाजता म्हाताऱ्या आईमागे अंगणात धावतात?

तिसरा आक्षेप अब्रूचा. नाव घेतले तर घराला बट्टा लागेल, मुलींची लग्ने अडतील. पिढ्यान्‌पिढ्या हमखास उतरणारा, लहान वयात होणारा प्रकार फार विरळा आहे; बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तसे काही नसते. आणि बुद्धिमान, कर्तबगार माणसांना हा रोग होत नाही असेही नाही. पेडण्याचा बोगदा पुरा होऊन १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे सलग धावू लागली. त्या रेल्वेचा पाया ज्यांच्या रेल्वेमंत्रिपदाच्या काळात, १९९० साली, घातला गेला ते जॉर्ज फर्नांडिस अनेक भाषांत सभा जिंकणारे होते. अखेरच्या वर्षांत अल्झायमरने त्यांना ग्रासले. २०१० मध्ये त्यांच्या सांभाळावरून पत्नी एकीकडे आणि भाऊ दुसरीकडे, असा वाद दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला. २०१९ च्या जानेवारीत ते निवर्तले. देशाचे संरक्षण ज्यांच्या हाती होते त्यांच्याविषयी हे घडते, तर आपल्या घरातले वृद्ध त्यातून सुटतील हे कशावरून? लाज रोगाची धरू नये. त्याचे निमित्त करून जे व्यवहार होतात, त्यांची मात्र अवश्य धरावी.

आणि हे व्यवहार कायद्याला मान्य नाहीत. १८७२ च्या करार कायद्याने सांगून ठेवले आहे की, करार करतेवेळी ज्याला तो समजतो आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विवेकाने विचार करता येतो, तोच करारास पात्र. ज्याला ते जमत नाही त्याचा करार निरर्थक. त्याच कायद्याचे १६ वे कलम वय किंवा आजार यांमुळे ज्याची मनःशक्ती क्षीण झाली आहे अशा माणसाचा उल्लेख करते. त्याच्याशी व्यवहार करणारा त्याच्यावर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत आहे, असे ते मानते. पुष्कळांस एक गोष्ट ठाऊक नसते : मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी ढळली की, २०१ व्या कलमान्वये ते मुखत्यारपत्रच संपते. ‘वडिलांनी पूर्वी पॉवर दिली आहे’ म्हणून आज त्यांच्या नावाने जमीन विकणारा मुलगा मेलेल्या कागदावर सही करीत असतो.

गोव्यात तर वडिलांच्या मृत्युपत्राच्या अधिकारालाही मर्यादा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला आणि २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याने राखलेला नियम असा की, अपत्ये असताना अर्ध्या मालमत्तेपलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. आणि पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असल्यास स्थावर विकण्यास दोघांची संमती लागते. म्हणजे म्हाताऱ्या आईची सही हवीच असते. ती सही कशी घेतली जाते, हा प्रश्न म्हणूनच आमच्याकडे अधिक तीव्र आहे.

येथे शासनालाही दोष दिला पाहिजे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा रुग्णाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने तो रद्द केला. उपचारांपुरता प्रतिनिधी नेमण्याची सोय त्याने केली, पण मालमत्तेच्या पालकाची गोष्ट सोडून दिली. परिणामी प्रामाणिक मुलाला आईच्या औषधासाठी तिच्याच बँकेतले पैसे काढावयाचे तर उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागते आणि अप्रामाणिक मुलगा तिचा अंगठा उठवून मोकळा होतो. साध्या घराला पेलेल अशी, जिल्हा न्यायालयात चालणारी तरतूद हवी. ती मागण्याचे काम आपल्या लोकप्रतिनिधींचे आहे.

रोगाचे नाव लवकर घेतल्याने काय साधते, हे आता ध्यानात येईल. निदान झाले म्हणजे त्या दिवसापासून माणूस अपात्र झाला, असे मुळीच नाही. आरंभीच्या अवस्थेत तो पुष्कळ काळ आपले हित जाणतो. त्या काळात त्याला वैद्याचा दाखला घेऊन नोटरीपुढे मृत्युपत्र करता येते, आजारपणात आपला सांभाळ कोणी करावा हे लिहून ठेवता येते. कोणाला काही द्यावयाचे असेल तर ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दानपत्रात घालता येतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाचा आधार अशा अटीवरच उभा राहतो. ती मोडली तर दिलेले परत घेता येते. निदान लवकर झाले तर निर्णय त्याचा राहतो. ते लांबविले तर निर्णय दुसऱ्यांचे आणि सही तेवढी त्याची.

आता जे अजून पन्नाशी-साठीत आहेत त्यांच्याविषयी. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये असे मांडले की, आयुष्यभरातल्या चौदा कारणांवर इलाज केला, तर जगातल्या सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाला आळा बसू शकेल किंवा तो लांबणीवर पडेल. त्यात रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, स्थूलता, धूम्रपान, मद्याचा अतिरेक, व्यायामाचा अभाव, उदासी, एकटेपणा, डोक्याला मार, प्रदूषित हवा, बालपणी शिक्षण न मिळणे, आणि उपाय न केलेला बहिरेपणा व दृष्टिदोष आहेत. यांतील किती आपल्या दारात आहेत ते मोजावे. दारू स्वस्त आहे. मोटारसायकलवर हेल्मेट डोक्याऐवजी हातात अडकविले जाते. ऐकू येत नाही म्हणून आजोबा ओसरीवर गप्प बसतात. कानाचे यंत्र लावावे हे कोणाला सुचत नाही, आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याचा मेंदू लवकर थकतो. बाजारातल्या ‘बुद्धिवर्धक’ गोळ्यांवर मात्र पैसे खर्च होतात. स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सुचविले आहे.

प्रश्न लहान नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील माणसे शेकडा ८.६ होती, तेव्हा गोव्यात ११.२ होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढील शंभरांत सातांहून अधिक, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाची मानली. त्यांत पुरुषांहून स्त्रियांचे आणि शहराहून खेड्याचे प्रमाण अधिक. आमचे दुर्दैव हे की, पेडण्याच्या वृद्धाला विशेष तपासणीसाठी शापोरा आणि मांडवी अशा दोन नद्या ओलांडून बांबोळीला जावे लागते. आठवड्यातून एक दिवस तरी ही तपासणी तालुक्यात व्हावी, ही मागणी काही अवाजवी नाही.

पण सर्व काही शासनावर टाकून देवस्थानच्या महाजनांनी मोकळे होऊ नये. देऊळ ही आमच्या गावात वृद्धांची अखेरची सभा आहे. मंडपाचा आणि मखराचा खर्च ठरविण्यास सर्वसाधारण सभेत आपण तासन्‌तास घालवितो; पुढच्या सभेत चार ठराव आणखी यावेत. वर्षातून दोनदा सभामंडपात साठीपुढील सर्वांचा रक्तदाब, साखर, कान आणि डोळे तपासावेत, आणि स्मरणाचे चार प्रश्न विचारावेत. भजनात ज्याचा ठेका चुकू लागला त्याला बाजूला बसवू नये. त्याची जागा त्याचीच राहावी. नेहमी येणारा वृद्ध पंधरा दिवस दिसला नाही, तर दोघा महाजनांनी त्याच्या घरी जावे. आणि अशा वृद्धाच्या सहीवर ज्याला साक्षीदार म्हणून बोलावले जाईल त्याने आधी त्या वृद्धाला बाजूला घेऊन एवढेच विचारावे : ‘‘आज आपण येथे कशासाठी आलो?’’ उत्तर आले नाही, तर साक्षीची सही करू नये. खरेदीदार रागावेल, यजमान बोलेनासा होईल. होऊ द्यावा. देवीपुढे खोटी शपथ घेण्यास आमचा हात कचरतो. कचेरीतला कागदही त्याच हाताने सही केलेला असतो.